चार मिनिटांचा नकार

४ फेब्रुवारी

टिंगू,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याची खूण उमटते आणि पुढे सामसूम. म्हणून कागद. पाकीट ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

काल मी तुझ्या आयसीयूत आले होते हे तुला ठाऊक आहे, कारण कॉरिडॉरमध्ये मला बघून तू औषधांच्या खोलीत शिरलास. सहा फुटांचा माणूस काचेच्या दारामागे लपत नाही रे. दिसतो.

आई, हे पाकीट आधी तूच उघडणार, हे मी धरून चालले आहे. आपल्या घरात दुसऱ्याचं पत्र पहिल्यांदा वाचायचा मान तुझाच. म्हणून आमची डॉक्टरी भाषा जिथे येईल तिथे सोपं करून लिहिते. फक्त वाचून झालं की त्याच्या हातात दे.

तर टिंगू, पलंग क्रमांक सात. सत्तावीस वर्षांचा माणूस, बांधकामाच्या परांचीवरून पडलेला. मेंदू कायमचा थांबलाय हे दोनदा तपासून जाहीर झालं. बायकोनं अवयवदानाच्या समन्वयक बाईंना एकच प्रश्न विचारला, "त्याचं सगळं कामाला येईल ना?" आणि सही केली. त्यानंतर मी पोचेपर्यंत एकोणीस तास गेले. या एकोणीस तासांत त्याच्याकडे कुणी काय बघितलं?

मी सांगते. माणूस उताणा, सपाट. व्हेंटिलेटरचा प्रत्येक श्वास उंचीच्या हिशोबानं हवा त्याच्या दीडपट मोठा. सलाइन धो धो चाललेलं. नळीतला कफ आदल्या पाळीनंतर काढलेला नाही. छाती उघडली तर फुप्फुसं पाण्यानं भरलेल्या स्पंजसारखी. हातात घेतली तर बोटांचे ठसे उठत होते. मी तुझ्या सिस्टरला विचारलं, "सक्शन कधी केलं होतं?" ती बिचारी गोंधळून म्हणाली, "मॅडम, ते तर गेलेत ना."

गेलेत. बरोबर आहे. पण फुप्फुसं गेली नव्हती. ती आपण घालवली.

इकडे माझ्या वॉर्डात एक बाई आहे. छत्तीस वर्षांची, जमीन मोजणी खात्यातली. तिची फुप्फुसं दिवसेंदिवस लाकडासारखी कडक होत चालली आहेत. सगळे तिला मोजणीबाई म्हणतात, कारण ती सगळंच मोजते. पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं, मध्ये दोन थांबे. काल तिला घाईघाईनं बोलावून घेतलं, औषधी साबणानं आंघोळ घातली, हिरवा गाऊन चढवला, स्ट्रेचरवर निजवलं. मी फुप्फुसं आणायचा डबा रिकामाच घेऊन परतले. ती म्हणाली, "डॉक्टर, ही तिसरी खेप. साबण मात्र चांगला आहे हं तुमचा." तिच्या नवऱ्यानं मान खाली घालून सिलिंडर उचलला आणि दोघं घरी गेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली आहे ती अजून उतरत नाही.

ऑक्टोबरमधल्या परिषदेचा राग तू धरून बसला आहेस. मी तुमच्या हॉस्पिटलचे एक्स-रे पडद्यावर दाखवले आणि "ही फुप्फुसं अपघातात गेली नाहीत, बुडवली गेली" असं म्हटलं, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तू तिसऱ्या रांगेत होतास. हॉस्पिटलचं नाव झाकायचं राहिलं, ते स्लाइड बनवणाऱ्याच्या हातून. मी तेव्हाच सांगितलं होतं. पण म्हणून सख्ख्या बहिणीशी चार महिने अबोला?

ताई


२७ फेब्रुवारी

टिंगू,

आईचा फोन आला होता. म्हणाली, "पत्र दिलं बाई. त्यानं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं." मी विचारलं, काही बोलला? "म्हणाला, आमटीत मीठ कमी आहे." मी विचारलं, होतं का कमी? "नव्हतं गं!"

म्हणजे लागलं तुला. बरं झालं.

सोबत एक यादी जोडली आहे. चौदा मुद्दे. मेंदू मृत झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत दात्याची फुप्फुसं कशी जपायची याची. श्वास लहान ठेवा. श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत थोडा दाब राहू द्या, म्हणजे ती मिटत नाहीत. माणूस स्वतः श्वास घेतो का हे तपासायला तुम्ही नळी काढून ठेवता, तेवढ्या वेळात फुप्फुसं फुग्यासारखी बसतात, तर नंतर ती पुन्हा उघडून द्या. डोकं उंच. कुशी बदलत राहा. कफ काढा. पाणी मोजून द्या. वगैरे. यात एकही महागडं यंत्र नाही, हे मुद्दाम बघ.

मला माहीत आहे तू काय म्हणणार. किडनीवाले म्हणतात पाणी भरपूर द्या, तुम्ही म्हणता देऊ नका, आम्ही कुणाचं ऐकायचं? योग्य प्रश्न आहे. पण तुम्ही तर कुणाचंच ऐकलेलं दिसत नाही. सलाइन लावलं आणि विसरलात. सही होईपर्यंत तो माणूस तुमचा रुग्ण होता. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आला की आमचा. मधल्या एकोणीस तासांत तो कुणाचाच नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

आणि माझ्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. हीच यादी मी आमच्या समितीपुढे ठेवली. पाऊण तास चर्चा झाली. कशावर? हा कागद आयसीयूच्या फाइलमध्ये लावायचा, प्रत्यारोपणाच्या की मृत्यूनोंदीच्या, यावर. अधीक्षक म्हणाले, "मॅडम, मृत्यू जाहीर झाल्यावर उपचार लिहायचे तर ते कोणत्या रकान्यात?" मी म्हटलं, नवा रकाना छापा. ते म्हणाले, त्यासाठी वेगळी समिती आहे.

मी खुर्ची मागे सारून उठले. सगळ्यांना वाटलं मी निघून चालले. मी पाणी प्यायला उठले होते. पण त्या आवाजानं तीन जण दचकले, एवढंच समाधान.

मोजणीबाईला आता बसल्याजागी पण चार लिटर ऑक्सिजन लागतो.

ताई


९ एप्रिल

टिंगू,

तुझं उत्तर मिळालं. माझ्याच यादीच्या पाठीवर, लाल पेनानं:

"एका सिस्टरकडे पाच पेशंट. जिवंत."

ना मायना, ना सही. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. दोन पानांचं झणझणीत उत्तर लिहिलं. ते फाडलं. आता जे लिहिते आहे ते दहा दिवसांनंतरचं आहे.

त्या दहा दिवसांत एक केलं. आमच्या आयसीयूतल्या मोठ्या सिस्टरकडे यादी घेऊन गेले. त्यांची नोकरी एकतीस वर्षांची, गुडघे दोन्ही गेलेले, आवाज मात्र शाबूत. त्यांनी चष्मा लावून चौदाही मुद्दे वाचले आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी पेशंट वळवलाय?"

मी म्हटलं, छाती उघडताना कुशीवर घेतोच की.

"तो तुम्ही नाही घेत. तुम्ही हात धुऊन येता तेव्हा तो वळवलेला असतो."

मग त्यांनी मला सकाळी सात ते दुपारी तीन अशी पूर्ण पाळी उभं केलं. नव्वद किलोचा माणूस, सात नळ्या, तोंडात श्वासाची नळी. एक जण डोकं आणि नळी धरणार, दोघं चादर ओढणार, चौथ्यानं पाठीमागे उशी सारायची. चौथं कुणी नसतं. चौथी मी. तिसऱ्यांदा वळवताना माझ्या कमरेत अशी कळ आली की मी पलंगाचा कठडा धरून उभी राहिले. सगळा विभाग सभ्यपणे दुसरीकडे बघत होता.

तीन वाजता मोठ्या सिस्टरनी माझ्या यादीवर पेन चालवलं. चौदातले नऊ मुद्दे गेले. "हे डॉक्टरांनी सकाळी एकदा लिहायचं. हे मशीनवर एकदा लावलं की झालं. हे तुम्हाला शोभा म्हणून हवंय." उरले पाच. आणि सगळ्यात वर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: दात्यासाठी त्या दिवशी एक सिस्टर वेगळी द्या, नाहीतर हा कागद चिकटवू नका.

त्या एका ओळीसाठी मी आता अधीक्षकांशी भांडते आहे. पाच मुद्द्यांचा कागद सोबत आहे. हा चौदावाला टाकून दे.

तुझं बरोबर होतं. एवढंच. यापुढे लिहिलं तर पुन्हा भांडेन.

ताई

ता. क. आई, कंबर आता बरी आहे. शेक घेते. फोनवर विचारू नकोस.


१४ जून

टिंगू,

मोजणीबाई गेली. दोन जूनला, दुपारी जेवणाच्या वेळेला.

शेवटचे आठ दिवस व्हेंटिलेटरवर होती, म्हणून बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहायची. एकदा लिहिलं, "मिनिटाला २४". मशीनवरचे श्वास मोजत होती. मी मशीनकडे पाहिलं. चोवीसच होते.

काय लिहू? कुणाकुणावर चिडू? आमच्या अधीक्षकांनी वेगळ्या सिस्टरचा प्रस्ताव "तत्त्वतः मान्य" केलाय. या दोन शब्दांइतकं चीड आणणारं काही नसेल. कुठे गाडी नाही, कुठे रक्ताच्या तपासणीला माणूस नाही, कुठे घरचे हो म्हणतात आणि तोवर दात्याचं हृदय थांबतं. मार्चपासून चार ठिकाणी गेले, चारही ठिकाणी पाणीच पाणी. तिच्या रक्तगटाचं, तिच्या मापाचं काही आलंच नाही म्हणायचं. एकवीस मेला तुमच्याकडून एक विचारणा आली होती, पण ते जमण्यातलं नव्हतं. अशा गोष्टी होतात.

तिच्या नवऱ्याला सांगितलं की आम्ही सगळं केलं. असं सांगतातच. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. सिलिंडर परत करायला आला तेव्हा पुसून, चकचकीत करून घेऊन आला होता.

मला झोप लागत नाही. कामाचा ताण आहे. तुझ्या बायकोला सांग, तिनं पाठवलेला स्वेटर बसला.

ताई


८ जुलै

टिंगू,

हे पत्र तू आधी वाचलंस तर बरं होईल. पण आई, तू उघडलंसच तर वाच. तुझ्यापासून लपवण्याचं वय गेलं.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ती सहज म्हणाली, "मे महिन्यात फार वाळला होता बघ तो. दीड दिवस घरीच आला नाही. मी विचारलं, कोण एवढं सिरियस आहे? तर म्हणाला, कोणी नाही, एक मुलगी आहे, ती गेलीय. मी म्हटलं, गेलीय तर तू तिथे काय करतोयस? म्हणाला, तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवतोय. सिस्टर कमी आहेत म्हणून एका बाजूला मी लागतो."

मी विचारलं, "मग आई, पुढे?"

"पुढे काय. घरी आला, आंघोळ केली, म्हणाला नको झाली त्यांना. आणि झोपला तो दुसऱ्या दिवशी उठला."

टिंगू, मी तुला लिहिलं होतं की एकवीस मेचं ते जमण्यातलं नव्हतं. ते खोटं आहे. आता खरं लिहिते.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी समन्वयक बाईंचा फोन आला. तेवीस वर्षांची मुलगी, स्कूटरवरून पडलेली. रक्तगट मोजणीबाईचा. छातीचं माप मोजणीबाईचं. रक्तातला ऑक्सिजन चारशे बारा. तीनशे असला तरी आम्ही धावत सुटतो, हे आईसाठी लिहिते.

मी विचारलं, "हॉस्पिटल कोणतं?"

त्यांनी तुमचं नाव सांगितलं.

"चारशे बारा? तिथे?"

"हो मॅडम. एक्स-रे स्वच्छ आहे. कफ नाही. दर दोन तासांनी कूस बदललीय, पाणी मोजून दिलंय. सगळा तक्ता आहे."

"तक्ता कुणी भरला?"

"तिथल्या डॉक्टरांनी स्वतः."

मी हसले, टिंगू. समन्वयक बाईंना ऐकू जाईल असं हसले. म्हटलं, "त्या युनिटचे आकडे मला माहीत आहेत. मशीन बिघडलेलं असेल, नाहीतर नमुना चुकलाय. तीन तास जायला, तीन तास यायला, आणि पेशंटला चौथ्यांदा साबण लावायचा? नाही." त्यांनी विचारलं, "बघून तरी या की मॅडम?" मी म्हटलं, "नाही म्हटलं ना." फॉर्मवर लिहायला सांगितलं: दर्जा संशयास्पद. फोनमध्ये अजून नोंद आहे. तीन मिनिटं पन्नास सेकंद.

पुढच्या दोन केंद्रांत त्या रक्तगटाचं कुणी नव्हतं. ती फुप्फुसं तिच्याबरोबर गेली. बारा दिवसांनी मोजणीबाई गेली.

त्या दिवशी मी थकले होते असंही नाही. शस्त्रक्रिया नव्हती. चहा पीत होते. तू नीट केलं असशील हे मला पटलंच नाही. खरं तर, पटवून घ्यायचंच नव्हतं. परिषदेत मी तुला बुडवणारा ठरवलं होतं, मग तुझी फुप्फुसं कोरडी कशी निघणार?

आणि तेही लिहूनच टाकते. नाव झाकायचं राहिलं नव्हतं. स्लाइड बनवणाऱ्यानं झाकून आणलं होतं. मीच म्हटलं, असू दे, काढ ते. लाज वाटली तर सुधारतील.

मी मोजणीबाईच्या नवऱ्याकडे गेले. आमचे कायदा सल्लागार म्हणाले, "मॅडम, अजिबात जाऊ नका." मी गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत तो काच घासत होता. पाणी टपकत होतं, चाक फिरत होतं. सगळं सांगितलं. त्यानं चाक बंद केलं.

"आकडा किती म्हणालात?"

"चारशे बारा."

त्यानं हातातली काच फडक्यानं पुसली. मग म्हणाला, "तिला सांगितलं नाहीत हे बरं केलंत. तिनं तो आकडा शेवटपर्यंत सोडला नसता."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. "माझ्याकडून काही घेऊन जाऊ नका मॅडम. ते मोकळं होणं वगैरे. मला नाही जमणार ते. ज्यानं त्या पोरीला वळवलं त्याला जाऊन सांगा. त्याला वाटत असेल, आपलंच काहीतरी चुकलं." आणि चाक पुन्हा सुरू केलं.

म्हणून हे पत्र. तुझं काही चुकलं नव्हतं. तुझ्या सिस्टरांचंही नाही. त्यांना वाचून दाखव.

काल आढावा बैठकीत ही केस मी स्वतः मांडली. माझं नाव वर, ठळक. एकच मागणी केली: यापुढे फोनवरून नकार नाही. जायचं, बघायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून दात्याच्या हॉस्पिटलला कळवायचं. मग एकानं विचारलं, "पण मॅडम, दर वेळी गाडी कोण देणार?" टिंगू, एक बाई मेली होती, आणि प्रश्न गाडीचा होता. मी टेबलावर फाइल आपटली. निर्णय पुढच्या बैठकीत.

मला उत्तर देऊ नकोस. द्यावंसं वाटलं तरी लगेच नको.

ताई


१६ ऑक्टोबर

टिंगू,

अकरा तारखेला काय झालं ते तुला माहीत आहे. पण आईनं काल फोनवर फैलावर घेतलं. "दोघं एका खोलीत होतात सहा तास आणि मला कुणी काही सांगेना! हा नुसता हूं म्हणतो." म्हणून हे तिच्यासाठी लिहिते. कुठे चुकलं तर लाल पेनानं दुरुस्त कर.

आई, यानं स्वतः फोन केला. माझ्या नंबरवर नाही हं, विभागाच्या. "सर्जन मॅडम आहेत का?" मी घेतला. यानं एका दमात आकडे सांगितले, जसे बातम्यांत पाऊस सांगतात तसे. शेवटी म्हणाला, "नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हणा."

मी गेले. नियम अजून झालेला नाही, गाडी माझी मीच काढली.

बावन्न वर्षांच्या बाई होत्या. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायच्या. रस्ता ओलांडताना धडक बसली. डोकं उंच, कूस डावी, तोंड पुसलेलं, ओठांना व्हॅसलीन. मी आत गेले तेव्हा तुझ्या लेकाच्या दोन सिस्टर त्यांना वळवायच्या तयारीत होत्या. एक म्हणाली, "काकू, आता उजव्या कुशीवर जायचंय हं, थोडं लागेल." मेंदू थांबून चौदा तास झाले होते. मी फाइल उघडायची सोडून तशीच उभी राहिले. मग बॅग ठेवली आणि चादरीचं एक टोक धरलं. हा समोरच्या बाजूला होता. यानं "एक, दोन, तीन" म्हटलं. वर्षभरानं समोरासमोर तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द, आणि तोही आकडा.

दुर्बीण घालून श्वासनळी बघितली. स्वच्छ. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली एक धूसर डाग. मी म्हटलं, हे बघावं लागेल. हा म्हणाला, "सकाळपासून कमी झालाय." मी म्हटलं, बघू. हा म्हणाला, "बघा."

छाती उघडली. आई, मी हजारांवर फुप्फुसं पाहिली असतील. ती कोरडी, हलकी, फिकट गुलाबी, श्वासाबरोबर काठापर्यंत भरून येणारी, अशी आमच्या भागात मी फार थोडी पाहिलीत. डावं फुप्फुस निव्वळ देखणं. उजवं वरून तसंच. पण खालचा भाग हाताला घट्ट लागला. फुगवून पाहिलं, उघडेना. तिथून येणारं रक्त तपासलं, ऑक्सिजन एकशे साठ. मी सांगितलं, डावं घेते, उजवं नाही.

आणि तुझा मुलगा तोंडाला मास्क लावून, शस्त्रक्रियेच्या खोलीत, दोन टीमच्या देखत माझ्याशी भांडायला लागला.

"का नाही? अजून एकदा फुगवा."

"दोनदा फुगवलं."

"तिसऱ्यांदा फुगवा. कफ अडकला असेल."

"कफ नाहीये. तू स्वतः दुर्बिणीतून बघितलंस."

"मग पाणी? पाणी आम्ही थेंब थेंब मोजून दिलंय. तक्ता बघितला का?"

"तक्ता बघितला. तक्ता बरोबर आहे."

"मग का नाही?"

भूल देणारे डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. किडनीवाले म्हणाले, "तुमचं घरचं काही असेल तर आम्ही थांबतो." मी म्हटलं, टिंगू, हात धू, ग्लोव्हज घाल, ये इकडे. सगळ्यांसमोर टिंगू म्हटलं. सहा फुटांचा विभागप्रमुख. त्यानं निमूटपणे हात धुतले आणि आला.

मी त्याची बोटं त्या भागावर ठेवली. आधी वरच्या, मऊ. मग खालच्या. म्हटलं, "हा मुका मार आहे. गाडीची धडक इथे बसली. तुझ्याकडे आणायच्या आधीच हे गेलं होतं. बाकीचं सगळं तू वाचवलंयस."

तो हात तसाच ठेवून उभा राहिला. मशीन श्वास देत होतं, त्याचा हात वरखाली होत होता. मग त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "मे महिन्यातली?"

मी म्हटलं, "ती दोन्ही चालली असती."

त्यानं मान हलवली, हात काढला आणि बाहेर गेला. काकूंच्या मुलाला भेटायला. टाके घालून झाल्यावर निरोप घ्यायला त्यांना आत यायचं होतं आणि त्यांच्याबरोबर यालाच थांबायचं होतं.

एवढंच झालं, आई. गळ्यात पडलो नाही. माझी माफी त्यानं घेतली की नाही, मला ठाऊक नाही. निघताना डबा गाडीत ठेवायला मात्र स्वतः आला. झाकणाचा पट्टा दोनदा ओढून बघितला.

आता टिंगू, हे तुझ्यासाठी. डावं फुप्फुस एका अठ्ठावन्न वर्षांच्या प्लंबरला बसवलं. चौथ्या दिवशी सकाळी नळी काढली. नळी निघाल्यावर माणूस पहिलं काय बोलला? "त्या बेसिनचा वॉशर गेलाय, रात्रभर टपकत होतं." आमचे अधीक्षक राउंडवर होते, त्यांनी ताबडतोब कुणाला तरी पाठवलं. सहा महिने त्यांच्याकडे एका सिस्टरची जागा मागते आहे, ती तत्त्वतःच आहे. वॉशर दहा मिनिटांत बदलला.

मी तुझ्या आयसीयूत फोन केला तो याचसाठी. त्या "काकू" म्हणणाऱ्या सिस्टरनंच उचलला. सांगितलं, तुम्ही वळवलेलं फुप्फुस चालतंय. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, आम्हाला कळवायचं असतं होय तुम्ही?" नऊ वर्षं नोकरी झाली तिची. इतक्या वर्षांत इथून काय गेलं, कुठे लागलं, लागलं की फेकलं, तिला एकदाही कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही. यापुढे दर वेळी मी कळवणार आहे, चांगलं असो वाईट असो. त्याला कुठल्या समितीची परवानगी लागत नाही.

मग मागून तुझा आवाज आला, "कोण आहे? इकडे दे." तू विचारलंस, नळी काढली का, ऑक्सिजन किती, ताप आहे का. मी सांगितलं. मला वाटलं आता ठेवशील. तू ठेवला नाहीस. श्वास ऐकू येत होता तुझा. आणि मग म्हणालास, "उजव्याचे फोटो पाठव. मला अजून पटलेलं नाही."

सोबत सहा फोटो आहेत. तिसरा नीट बघ, खालच्या कडेचा काळसर पट्टा. तपासणीचा अहवालही जोडलाय, त्यातही तेच आहे. तरीही पटलं नाही तर पुढच्या रविवारी मी दिवसभर घरी आहे. ये आणि भांड.

ताई